दहावीनंतर सायन्स घ्यायचे, पण कोणते विषय?

दहावीचा निकाल लागला की आपल्या कार्यक्षेत्रातल्या गावागावांत पेढे वाटले जातात, देवळापुढे मुलांचे सत्कार होतात, आणि चार-आठ दिवसांत घरोघरी एकच विषय सुरू होतो : आता पुढे काय? बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते. मार्क चांगले पडले, म्हणजे सायन्स. पण सायन्स म्हणजे काही एक विषय नव्हे. त्यात कोणते विषय घ्यायचे आणि कोणते सोडायचे, यावर पुढे कुठल्या कॉलेजचे दार उघडणार आणि कुठले बंद होणार हे ठरते. याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही.

उसाची लागण करताना आपण बेणे कुणाच्या रानातले, किती महिन्यांचे, त्यात काणी किंवा गवताळ वाढ तर नाही ना, हे दहादा पाहतो. कारण लागणीत गफलत झाली तर ती खोडव्यातही भोगावी लागते, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. मुलांचे विषय मात्र ‘शेजारच्या पोराने घेतले म्हणून’ किंवा ‘फॉर्म भरणाऱ्याने टाकले तसे’ घेतले जातात. दोन वर्षांनी कळते की ज्या शिक्षणाची मुलाला आवड आहे, त्याला लागणारा विषयच त्याने घेतलेला नाही. तेव्हा हळहळण्यापलीकडे हातात काही राहत नाही. म्हणून या अंकात आम्ही हा विषय जरा विस्ताराने मांडत आहोत. घरातल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवूनच तो वाचावा, ही विनंती.

सायन्समध्ये असते काय?

आपल्या राज्य मंडळाच्या बारावीची परीक्षा ६०० गुणांची असते. इंग्रजी सर्वांना सक्तीची. त्याशिवाय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे चार मुख्य विषय. मुले त्यांना फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो म्हणतात. सहावा विषय म्हणून मराठी, हिंदी यांसारखी भाषा किंवा माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आयटी, घेता येतो. पर्यावरण आणि शारीरिक शिक्षण यांना गुणांऐवजी श्रेणी मिळते.

भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या विषयांना ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. गणिताला लेखी ८० आणि प्रात्यक्षिक २०. म्हणजे प्रयोगशाळा काही शोभेची वस्तू नाही. ज्या ज्युनिअर कॉलेजात प्रयोग नीट करून घेतात, ते कॉलेज दहा किलोमीटर लांब असले तरी जवळचे समजावे.

भौतिक आणि रसायन हे दोन विषय जवळजवळ सगळ्याच वाटांना लागतात. खरा प्रश्न गणित आणि जीवशास्त्र यांचा. यावरून तीन गट पडतात. जीवशास्त्र सोडून गणित ठेवणारे, त्याला कॉलेजात पीसीएम म्हणतात. गणित सोडून जीवशास्त्र ठेवणारे, तो पीसीबी. आणि दोन्ही ठेवणारे, तो पीसीएमबी. ही तीन नावे पाठच करून ठेवा, कारण पुढच्या सगळ्या परीक्षा आणि प्रवेश याच भाषेत बोलतात.

गणित सोडण्यापूर्वी

दहावीला गणितात साठ-पासष्ट मार्क पडले की मुले म्हणतात, ‘मला मॅथ्स जमत नाही, मी बायो घेतो.’ आई-वडीलही मान डोलावतात. पण गणित सोडले की काय काय सुटते, याची यादी एकदा समोर ठेवली पाहिजे.

इंजिनिअरिंगची पदवी सुटते. आपल्या राज्यात त्या प्रवेशाला भौतिक आणि गणित लागते, आणि या विषयगटात खुल्या वर्गाला ४५ टक्के व राखीव वर्गाला ४० टक्के गुण असावे लागतात. आयआयटी, एनआयटी यांची जेईई परीक्षा गणिताशिवाय देता येत नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत हवाई दल किंवा नौदलासाठी जायचे तर बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हे तिन्ही लागतात. भूदलाला कोणतीही शाखा चालते, पण प्रवेश परीक्षेत ३०० गुणांचा गणिताचा पेपर आहेच. व्यापारी जहाजावरच्या नोकरीच्या शिक्षणालाही गणित लागते. संख्याशास्त्राच्या पदवीला गणित हवेच, आणि कॉम्प्युटर सायन्सच्या बी.एस्सी.लाही अनेक ठिकाणी ते मागतात.

आणि आपल्या घरच्या धंद्याचे दोन रस्तेही यात येतात. कृषी अभियांत्रिकी, म्हणजे ठिबक, अवजारे, मृद-जलसंधारण यांचे शिक्षण, आणि दुग्ध तंत्रज्ञान. शेतकऱ्याच्या मुलाला दोन्ही जवळची वाटतात, पण दोन्हींना गणित लागते. ‘शेतीचेच शिक्षण घ्यायचे तर गणित कशाला?’ असे म्हणून ज्यांनी ते सोडले, त्यांना ही दारे बंद दिसतात.

जीवशास्त्र सोडण्यापूर्वी

दुसऱ्या बाजूची यादीही तेवढीच लांब आहे. जीवशास्त्र नसेल तर एमबीबीएस नाही, दाताचा डॉक्टर नाही, आयुर्वेद नाही, होमिओपॅथी नाही, फिजिओथेरपी नाही. बी.एस्सी. नर्सिंगला जीवशास्त्र लागते. आणि आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचे म्हणजे जनावरांच्या डॉक्टरचे साडेपाच वर्षांचे शिक्षणही जीवशास्त्राशिवाय नाही. गावात गाय अडली की रात्री-अपरात्री ज्याची वाट पाहतो, तो डॉक्टर याच वाटेने तयार होतो. मत्स्यविज्ञानालाही जीवशास्त्रच.

वैद्यकीय बाजूच्या या बहुतेक सगळ्या प्रवेशांना देशभर ‘नीट’ ही एकच परीक्षा आहे. एमबीबीएससाठी ती २०१६ पासून सर्वांना लागू झाली. ७२० गुणांची परीक्षा, त्यातले ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायन यांना प्रत्येकी १८०. चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. बारावीला पीसीबीमध्ये खुल्या वर्गाला ५० टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के गुण लागतात, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण असावे लागते. ज्यांनी मुलाला लवकर शाळेत घातले, त्यांनी हा वयाचा हिशेब आधीच करून पाहावा.

दोन्ही ठेवले तर?

मुलाला काय करायचे ते अजून ठरत नसेल आणि अभ्यासाची तयारी असेल, तर दोन्ही विषय ठेवणे हा शहाणपणाचा रस्ता आहे. दार उघडे राहते. पण त्याला ओझे आहे. चार जड विषय, तीन विषयांचे प्रयोगवह्यांचे ढीग, आणि शिवाय गणिताचा सराव. आडसालीला जसे जास्त महिने, जास्त पाणी, जास्त खत, तसे याला जास्त तास लागतात. ज्या मुलाला दूध घालून, वैरण आणून कॉलेजला जावे लागते, त्याच्यावर हे ओझे घालताना घरच्यांनी त्याच्या कामातले एखादे काम कमी करावे. नाहीतर चारही विषय कच्चे राहतात.

आमचे साधे म्हणणे असे : मुलाची एक वाट नक्की असेल तर तीन विषय पक्के करावेत. वाट नक्की नसेल तर दोन्ही ठेवावेत आणि अकरावीच्या पहिल्या चाचणीनंतर पुन्हा एकदा बसून विचार करावा. बदल करायचा तर तो अकरावीच्या सुरुवातीलाच. बारावीचा परीक्षा अर्ज भरायची वेळ आली म्हणजे गाडी सुटलेली असते.

दोन्हींकडून जाणारे रस्ते

काही शिक्षणाला गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींपैकी एक असले तरी चालते. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ मुले उगाच घाबरतात. बी.एस्सी. कृषी ही चार वर्षांची पदवी त्यातली मुख्य. पीसीएम घेतलेला आणि पीसीबी घेतलेला, दोघांनाही ती खुली आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठे. राहुरीचे १९६८ साली, अकोल्याचे १९६९ साली आणि परभणी व दापोलीची १९७२ साली सुरू झाली. त्यांची आणि त्यांना जोडलेली कॉलेजे राज्यभर आहेत. बी.फार्मसी आणि डी.फार्मसी यांनाही भौतिक, रसायन आणि सोबत गणित किंवा जीवशास्त्र चालते.

आणखी एक वाट फारशी कुणी सांगत नाही. काही ज्युनिअर कॉलेजांत ‘बायफोकल’, म्हणजे द्विलक्षी अभ्यासक्रम असतो. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी २०० गुणांचा एक व्यावसायिक विषय घ्यायचा. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, पीकशास्त्र, दुग्धव्यवसाय असे त्यात प्रकार आहेत. हाताने काम करायची आवड असलेल्या मुलाला हा चांगला. मात्र तो घेताना गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक सोडावेच लागते, हे लक्षात ठेवून मगच सही करावी.

हे सगळे आपल्याच कारखान्यात पाहा

मुले विचारतात, या विषयांचा पुढे उपयोग काय? त्यांना गळीत हंगामात एकदा कारखान्यावर घेऊन या.

तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडावा म्हणून शेतकी खाते एवढा आटापिटा का करते? ऊस वाळत पडला की त्यातल्या सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि त्यांची दाणेदार साखर बनत नाही. हे रसायनशास्त्र. रसात चुन्याची निवळी आणि गंधकाचा वायू सोडून तो स्वच्छ करतात, हेही रसायनशास्त्रच. रानात ब्रिक्स पाहायला आणतात ते हातातले यंत्र प्रकाशाच्या अपवर्तनावर चालते, आणि प्रयोगशाळेत ‘पोल’ मोजतात तो साखरेच्या द्रावणातून जाताना प्रकाश किती फिरतो यावरून. हे भौतिकशास्त्र, आणि त्यातले अपवर्तन तर दहावीच्या पुस्तकातच आहे. बॉयलरची वाफ, टर्बाइन, सहवीजनिर्मिती हाही भौतिकशास्त्राचाच पसारा.

आपल्या रानातला को ८६०३२ कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून तयार झाला. को एम ०२६५, ज्याला आपण फुले २६५ म्हणतो, तो पाडेगावच्या संशोधन केंद्राचा. खोडकिडीसाठी आपण ट्रायकोकार्ड लावतो, ते एका बारीक कीटकाच्या सवयी ओळखून. हुमणीचा बंदोबस्त वळवाच्या पहिल्या पावसानंतर का करायचा, तर भुंगेरे तेव्हाच बाहेर पडतात म्हणून. हे सारे जीवशास्त्र. आणि गणित? १०.२५ टक्के उतारा म्हणजे एका टनाला १०२ किलो ५०० ग्रॅम साखर. आपल्या उसाचा दर याच आकड्यावरून निघतो. ज्या घरात हा हिशेब समजतो, त्या घराला कुणी फसवू शकत नाही.

साखर उद्योगातच शिकायचे असेल तर तीही सोय आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही १९७५ साली सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी उभी केलेली, म्हणजे तुमची आमचीच संस्था. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्याला तिथे साखर तंत्रज्ञान, मद्यार्क तंत्रज्ञान असे पदवीनंतरचे अभ्यासक्रम आहेत. कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था १९३६ पासूनची. म्हणजे इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही म्हणून साधी बी.एस्सी. करणाऱ्या मुलाने खाली मान घालण्याचे कारण नाही. रसायनशास्त्र पक्के असलेला बी.एस्सी. उद्या पॅनवर उभा राहून साखर काढू शकतो.

सीईटीचा अभ्यास आणि बोर्डाचा अभ्यास

राज्यातल्या इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषी प्रवेशांसाठी एमएचटी-सीईटी आहे. तिचे दोन गट, पीसीएम आणि पीसीबी. दोन्ही विषय घेतलेला मुलगा दोन्ही गटांच्या परीक्षा देऊ शकतो. परीक्षा २०० गुणांची. भौतिक ५०, रसायन ५० आणि गणित किंवा जीवशास्त्र १००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. सुमारे २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा.

हा २० टक्क्यांचा आकडा ध्यानात घ्या. ‘अकरावी काय, विश्रांतीचे वर्ष,’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. नीट आणि जेईई यांत तर अकरावीचा वाटा याहून कितीतरी मोठा असतो. अकरावीला जमीन नांगरलीच नाही आणि बारावीला एकदम खताचा मारा केला, तर पीक कसे येणार?

बोर्डाकडे दुर्लक्ष करून फक्त प्रवेश परीक्षेच्या मागे लागणेही बरे नव्हे. जेईईतून आयआयटी, एनआयटीला जायचे तर खुल्या वर्गाच्या मुलाला बारावीला ७५ टक्के गुण असावे लागतात किंवा आपल्या मंडळात वरच्या २० टक्क्यांत नंबर असावा लागतो. प्रवेश परीक्षा चांगली गेली आणि बोर्डात घसरला, असे होऊ देऊ नये.

इंग्रजीची धास्ती

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला अकरावीचे पहिले दोन महिने फार जड जातात. विषय कळत नाही असे नसते, शब्द कळत नाहीत. दहावीपर्यंत बल होते, त्याचे फोर्स होते. त्वरण होते, त्याचे ॲक्सिलरेशन. संवेगाचे मोमेंटम, अपवर्तनाचे रिफ्रॅक्शन, प्रकाशसंश्लेषणाचे फोटोसिंथेसिस. पोरगा मागच्या बाकावर जाऊन बसतो आणि घरी म्हणतो, ‘मला सायन्स झेपत नाही.’

याला उपाय सोपा आहे. परीक्षा संपल्यापासून अकरावी सुरू होईपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात दहावीचेच विज्ञानाचे इंग्रजी माध्यमाचे पुस्तक घेऊन वाचावे. मजकूर ओळखीचा असल्याने शब्द आपोआप बसतात. एका वहीत रोज दहा शब्द मराठी-इंग्रजी समोरासमोर लिहावेत. दोन महिन्यांत सहाशे होतात. नीट आणि जेईई मेन या परीक्षा मराठीतूनही देता येतात. सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीत मिळतात, गणिताचे मात्र इंग्रजीतच असतात. पण कॉलेजातली पुस्तके इंग्रजीच असल्याने शब्दांची ओळख करून घेण्याला पर्याय नाही.

क्लासची फी आणि उसाचे बिल

आता थोडे स्पष्ट बोलतो. दहावीचा निकाल लागताच लातूर, पुणे, कोटा इथल्या क्लासच्या जाहिराती गावापर्यंत येतात. दोन वर्षांची फी, शिवाय खोली, मेस. आपल्याकडे उसाचे बिल हंगामानुसार येते आणि फी मात्र एकरकमी मागतात. मग सोसायटीच्या कर्जात वाढ होते, दागिना गहाण पडतो, कधी गुंठे विकायची बोलणी सुरू होतात. मुलासाठी बाप काहीही करतो, त्याचे मोल आम्ही जाणतो. पण खर्च करण्यापूर्वी काही गोष्टी विचारा.

मुलाला खरोखर त्या वाटेने जायचे आहे की आपल्याला त्याला डॉक्टर म्हणवून घ्यायचे आहे? जवळच्या कॉलेजात शिकवणारे कसे आहेत, हे आपण एकदा तरी जाऊन पाहिले का? क्लासशी संगनमत असलेल्या नावापुरत्या कॉलेजात मुलगा गेला, तर त्याचे प्रयोग कोण घेणार? आणि मध्येच सोडले तर फीचे काय? केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत विद्यार्थ्याने मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असे म्हटले आहे. तेव्हा फी हप्त्याने भरावी, प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी, आणि परताव्याची अट लेखी मागावी. जो क्लास पावती देत नाही त्याच्या दारात उभे राहू नये.

शेवटी एक गोष्ट. सोळा वर्षांचे लेकरू एकटे खोलीवर ठेवले की त्याच्या मनावर काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही. आठवड्याला फोन करताना ‘टेस्टला किती मार्क?’ एवढेच विचारू नका. ‘जेवलास का, झोप लागते का?’ हे आधी विचारा. पोरगा म्हणाला की मला हे नको, तर ते ऐकून घ्या. फी बुडाली तर ती पुढच्या हंगामात भरून निघते. पोर खचले तर ते भरून निघत नाही.

मुलींच्या बाबतीत

आपल्या भागात अजूनही असे घडते की मुलाला पीसीएमबी आणि मुलीला ‘जवळ जे आहे ते’. मुलगी हुशार असली तरी सायन्सचे कॉलेज तालुक्याला, एस.टी.ची वेळ अडचणीची, म्हणून तिला दुसऱ्या शाखेत घालतात. याचा पुनर्विचार व्हावा. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गाच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. प्रवेश मात्र सरकारी प्रवेश फेरीतून झालेला असावा लागतो. म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी, वैद्यकीय या शिक्षणाचा मोठा खर्च हलका झाला. पण ती सवलत घ्यायला मुलीने अकरावीत योग्य विषय घेतलेले असले पाहिजेत. प्रबोधिनीचे दारही २०२१ पासून मुलींना उघडले आहे. एस.टी.च्या वेळेसाठी चार गावांच्या पालकांनी मिळून आगाराला अर्ज द्यावा. एकट्याचे कुणी ऐकत नाही, चौघांचे ऐकतात. सहकार आणखी काय असतो?

सायन्स न घेताही

सायन्स घेतले नाही म्हणजे मुलगा वाया गेला, हे मनातून काढून टाका. ज्याला यंत्राची आवड आहे पण मोठमोठी पाठांतरे नकोत, त्याला दहावीनंतर तीन वर्षांचे पॉलिटेक्निक आहे. त्यातून पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. आयटीआय आहे. कारखान्यातला चांगला फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन किती मोलाचा असतो, हे हंगामात मिल बंद पडली की सगळ्यांना कळते.

कागद आधी, धावपळ नंतर नको

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. कॉलेजांचे पसंतीक्रम मुलाने स्वतः, घरच्यांना विचारून भरावेत. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. म्हणून जाऊन पाहिल्याशिवाय कोणतेही नाव पहिले टाकू नये.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास आणि कृषी प्रवेशासाठी सातबारा, ही सगळी तयारी आतापासून ठेवा. जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करावा. ऐन प्रवेशात तो मिळत नाही म्हणून हातची जागा गेलेली मुले गावोगाव आहेत. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिचीही चौकशी करा.

सभासदांचे काही प्रश्न

*मुलाने मराठी सोडून आयटी घेतले तर?* प्रवेशाच्या दृष्टीने बिघडत नाही. पण मार्क मिळतात एवढ्याच कारणाने घेऊ नये. संगणकाची आवड असेल तर जरूर घ्यावे.

*गणित सोडून बारावी झाली, आता इंजिनिअरिंगला जायचे आहे.* बारावीला गणित नसेल तर तो प्रवेश होत नाही. बी.एस्सी. कृषी, फार्मसी किंवा रसायनशास्त्राची बी.एस्सी. या वाटा मात्र खुल्या आहेत. आधी त्यांचा विचार करावा.

*बायो सोडले होते, आता डॉक्टर व्हायचे आहे.* राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण झालेल्यांनाही नीटला पात्र धरले आहे. म्हणजे दार पुरते बंद नाही, पण वर्ष जाते.

*मुलगा म्हणतो सायन्स नको, आम्ही म्हणतो हवे.* अभ्यास मुलाला करायचा आहे. त्याचे का नको ते नीट ऐका. भीतीपोटी नको म्हणत असेल तर धीर द्या, आवड नसेल तर आग्रह सोडा.

सभासद बंधू-भगिनींनो, शिकण्याची आस आपल्या सहकारी चळवळीला नवी नाही. कारखान्याच्या धुराड्याबरोबरच शाळा-कॉलेजे उभी राहिली, ती एक-एक टनामागे आपण दिलेल्या पैशांतून. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी झाली आणि खेड्यातल्या मुलाला घराजवळ इंजिनिअर होता येऊ लागले. त्या पिढीने कॉलेजे उभी केली. आता आपले काम एवढेच, की मुलांनी त्या कॉलेजांच्या दारापर्यंत पोहोचावे असे विषय त्यांच्या हाती द्यायचे.

निकालानंतरच्या त्या पंधरा दिवसांत एक संध्याकाळ काढा. मोबाइल बाजूला ठेवा, मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन बसा, वरच्या याद्या वाचा. शाळेतल्या विज्ञानाच्या आणि गणिताच्या गुरुजींना घरी चहाला बोलवा. तुमच्या पोराला काय झेपते हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते. मग ठरवा. आणि एकदा ठरले, की दोन वर्षे त्याच्या मागे खंबीरपणे उभे राहा.